दंडाच्या पावत्या

गेल्या मंगळवारी सकाळी दुकानाचं शटर उघडायला गेलो तर पायरीवर एक बाबा आधीच येऊन बसलेले, पहिल्या एसटीने आले असणार कारण त्यांच्या पाड्याकडून दुसरी गाडी थेट दुपारीच आहे. माझं दुकान म्हणजे झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाईन फॉर्म आणि दाखल्यांची कामं, पालघर जिल्ह्यात वरती डोंगराच्या अंगाला एका तालुक्याच्या गावी, त्यामुळे सकाळी सकाळी कोणीतरी कागद घेऊन बसलेलं असणं हे रोजचंच. बाबांच्या हातात युरियाच्या गोणीच्या आतली जाड प्लॅस्टिकची पिशवी होती, सुतळीने बांधलेली. तिच्यात अजून एक पिशवी, तिच्यात जुना पेपर, आणि पेपराच्या घडीत चार पावत्या.

वनखात्याच्या दंडाच्या पावत्या. सगळ्यात जुनी १९८१ची. गुन्ह्याच्या जागी लिहिलंय अतिक्रमण. शाई पुसट झालीये, एक कोपरा वाळवीने खाल्लाय, पण नाव लागतं, बाबांच्या वडलांचं नाव आणि गावाचं नाव आणि तारीख, तिन्ही लागतं.

बाबा म्हणाले, "भाऊ, ह्याचा रंगीत झेरॉक्स काढ. काळ्यात शिक्का दिसत नाय म्हणतात."

मी काढून दिले. पण ते मशीन चालू असताना मला जे वाटत होतं ते कधीचं लिहायचं राहिलंय म्हणून आज लिहितो. आधी एक सांगून टाकतो, मी स्वतः आदिवासी नाही, माझे वडील नाशिककडून इथे जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर म्हणून आले आणि इथलेच झाले, मी वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी पोरांबरोबर शिकलो. त्यांचं दुःख मी त्यांच्या वतीने सांगतोय असं नाही, मी कागदाच्या बाजूला बसतो आणि तिथून जे दिसतं ते सांगतोय.

तर या पावत्यांचं महत्त्व काय. २००६चा वनहक्क कायदा आहे, त्यात असं आहे की १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतोय त्याचा त्या जमिनीवर हक्क मान्य करायचा, जास्तीत जास्त चार हेक्टर, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने, विकता येणार नाही पण पोराबाळांकडे जाईल. जे आदिवासी नाहीत पण पिढ्यान् पिढ्या जंगलावर जगतात त्यांना पंचाहत्तर वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. आता कसतोय हे सिद्ध कसं करायचं, तर पुरावे द्यायचे. आणि इथल्या लोकांकडे त्या जमिनीबद्दल सरकारी शिक्क्याचा जुना कागद कुठला असणार, तर दंडाची पावती. ज्या कागदाने बापाला चोर ठरवलं त्याच कागदाने मुलगा मालक ठरू शकतो. आणि म्हणून ज्यांनी तेव्हा दंड भरला आणि पावती जपली त्यांचं काम सोपं झालं, आणि ज्यांनी कोंबडी देऊन किंवा कुणा साहेबाच्या घरी चार दिवस फुकट राबून प्रकरण मिटवलं त्यांच्याकडे आज काहीच नाही. जमीन दोघांचीही शेजारी-शेजारी, नांगर दोघांचेही तितकेच जुने.

मला हे खूप लागतं. इतकी वर्षं झाली तरी लागतं.

जातीच्या दाखल्याचंही तेच. अनुसूचित जमातीचा दाखला काढायचा तर ६ सप्टेंबर १९५०च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे राष्ट्रपतींच्या आदेशाची ती तारीख, त्या दिवशी तुमचं घराणं आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत होतं आणि कागदावर त्या जमातीचं म्हणून होतं. आजोबाचा किंवा पणजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला आणा म्हणतात. पण ज्या पाड्यावर पहिली शाळा साठच्या दशकात आली तिथला पणजोबा शाळेत गेलाच नाही तर सोडणार कुठून. मग कोतवाल बुकाची नक्कल, म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूची नोंद, ती शोधायची, आणि ती मोडीत असते, आणि मोडी वाचणारा माणूस आता तालुक्यात मिळत नाही. एका मुलीची नर्सिंगची ॲडमिशन मी माझ्या डोळ्यासमोर जाताना बघितलीये फक्त या एका नोंदीपायी. तिची आजी दुकानात बसून होती, कपाळावर हनुवटीवर गोंदण, आणि आम्ही तिची जमात सिद्ध करायला कागद शोधत होतो.

कधी कधी मुंबईचे मित्र विचारतात की हे लोक जंगलात घुसले कधी. त्यांचा दोष नाही, शाळेत आपल्याला हे कोणी शिकवलंच नाही. लोक घुसले नाहीत. लोक होते तिथेच होते, जंगल म्हणून रेषा त्यांच्या अंगावरून आखली गेली. १८६५ला इंग्रजांनी पहिला वन कायदा केला, १८७८ला तो कडक केला, राखीव जंगल आणि संरक्षित जंगल अशा वाटण्या झाल्या, रेल्वेच्या स्लीपरना आणि जहाजांना साग पाहिजे होता हे त्यामागचं मोठं कारण. मग १९२७चा भारतीय वन कायदा, जो स्वातंत्र्यानंतर आपण तसाच चालू ठेवला आणि आजही आहे. राब जाळायचा, म्हणजे पाला-फांद्या जाळून जमीन भाजायची, नागली-वरई पेरायची, दोन-तीन वर्षांनी ते रान सोडून दुसरीकडे जायचं आणि सोडलेल्या रानाला विसावा द्यायचा, ही इथली शेती, तिला कागदावर जागाच नव्हती कारण कागदाला एकच जागा आणि एकच मालक समजतो. मग ३० ऑगस्ट १९७५ला खाजगी वनांचा कायदा लागू होऊन आपल्या राज्यात खाजगी जंगलंही सरकारजमा झाली, त्यात पुन्हा कितीतरी वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या नागली-वरईच्या, जमिनी गेल्या ज्यांवर आदिवासी कसत होते आणि त्यांना कळलंसुद्धा नाही.

आणि आमच्या जव्हारचं बघा, जव्हार संस्थानचे मुकणे राजे हे स्वतः महादेव कोळी, चौदाव्या शतकापासूनचं घराणं. म्हणजे दिल्लीचं हे सरकार येण्याच्या सहाशे वर्षं आधी इथे आदिवासी राजा होता, १९४८ला संस्थान विलीन झालं आणि दोन वर्षांनी घटना लागू झाली, आणि त्याच मुलखातल्या माणसाला आज विचारलं जातं की तू इथला कशावरून.

इथल्या लोकांनी हे निमूट सोसलं असंही नाही. २३ मे १९४५ला तलासरीजवळ झरी गावात हजारो वारली जमले होते, किसान सभेच्या गोदूताई परुळेकर होत्या, तिथे ठरलं की वेठबिगार करायची नाही. लग्नगडी म्हणजे काय हे आता नवीन पोरांना माहीत नसतं, लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याचे गडी, आयुष्यभर. ती पद्धत मोडली ती वारल्यांनी स्वतः मोडली. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. मी तलवाड्यावरून अनेकदा जातो, आणि जाताना मनात येतं की स्वातंत्र्याला दोन वर्षंही राहिली नव्हती.

घटना समितीतही एक माणूस होता जो हे सगळं बोलला. जयपालसिंग मुंडा, आताच्या झारखंडातल्या छोटा नागपूरचे, १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकला भारताच्या हॉकी टीमचे कॅप्टन होते ते. डिसेंबर १९४६मध्ये त्यांनी सभागृहात उभं राहून सांगितलं की आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, ती तुम्हाला त्यांच्याकडून शिकावी लागेल. हे भाषण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो. बी.ए. इतिहास घेऊन केलंय मी, आणि तरी बत्तिसाव्या वर्षी.

दरवर्षी ९ ऑगस्टला आमच्याकडे जागतिक आदिवासी दिनाची मोठी रॅली निघते, तारपा असतो, डीजे असतो, पोरं पिवळे फेटे बांधून नाचतात, दुकानात बॅनरचे फोटो प्रिंट करायला आठ दिवस आधीपासून गर्दी. पण फार कमी जणांना माहीत असतं की २००७च्या सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांनी आदिवासी लोकांच्या हक्कांचा जाहीरनामा केला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं आणि सोबत भूमिका अशी मांडली की आमच्याकडे सगळेच भारतीय मूळचे इथलेच आहेत. ऐकायला चांगलं वाटतं. पण सगळेच मूळचे म्हटलं की मग त्या जाहीरनाम्यातलं जमिनीचं, जंगलाचं, आधी विचारून परवानगी घेण्याचं जे काही आहे ते नेमकं कोणाला लागू करायचं हा प्रश्नच उरत नाही. माझं मत विचाराल तर कोण आधी आलं हा वाद घालत बसण्याची गरजच नाही, साधं बघायचं की कायदा आला तेव्हा त्या जमिनीवर कोण राबत होतं आणि त्याला कोणी विचारलं का.

आता परत त्या बाबांकडे येतो. त्यांच्या दाव्याची मोजणी झाली तेव्हा मी गेलो होतो, दोन वर्षांपूर्वी, कारण फॉर्म मी भरला होता आणि त्यांना वाटलं भाऊ बरोबर असलेला बरा. वनहक्क समितीची माणसं होती, वनरक्षक होता, तलाठी उशिरा आले. जीपीएसचं यंत्र घेऊन एक जण पुढे आणि बाबा त्याच्याही पुढे, अनवाणी, वय सत्तरच्या वर. बाबा दाखवत जात होते, ह्या ऐनापासून ओहोळापर्यंत बापाचं, ओहोळाच्या पल्याड चुलत्याचं, ह्या मोहाची फुलं आमची आणि त्या मोहाची त्यांची. मध्येच थांबले आणि एका दगडाला हात लावला, शेंदूर लावलेला वाघोबाचा दगड, तिथून पुढे आमचं नाय म्हणाले. कोणी विचारलंही नव्हतं. यंत्राला पाच मिनिटं सॅटेलाईट सापडत नव्हता झाडाखाली, बाबांना वाघोबा सापडायला एक सेकंद लागला नाही.

जमीन किती म्हणून विचारलं तर बाबा म्हणाले चार पायल्या नागलीचं रान. यंत्रात आलं एक हेक्टर बारा आर. लिहून घेतलं, पंचनामा झाला, बाबांनी अंगठा दिला, आम्ही चहा पिऊन परत आलो.

मंजूर झाले अठरा गुंठे.

बाकीचं नामंजूर, कारण काय, तर २००५च्या सॅटेलाईट फोटोत तिथे शेती दिसत नाही, झाडोरा दिसतो. अहो पण दिसणारच. वरकस रान आहे ते. नागली, मग वरई, मग खुरासणी आणि मग तीन-चार वर्षं रान पडीक ठेवायचं म्हणजे माती परत धरते, त्या वर्षी त्या रानाला विश्रांती होती म्हणून ते हिरवं दिसतं. जमीन जपली म्हणून फोटोत जंगल आलं. ओरबाडून उघडी ठेवली असती तर मंजूर झाली असती. मी हे कोणत्या कचेरीत झालं ते लिहिणार नाही कारण अर्ज अजून चालू आहे, आणि तिथे बसणारी माणसंही वाईट नाहीत, त्यांच्यासमोर फायलींचा ढीग असतो आणि फोटो बघून शेरा मारायला एक मिनिट लागतो, पाड्यावर जायला दिवस जातो.

पण कायदा असं म्हणत नाही हो. म्हणूनच माझा जीव तुटतो. नियमात स्पष्ट लिहिलंय की सॅटेलाईट फोटो हा बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून वापरा, पुराव्याच्या जागी वापरायचा नाही. आणि त्याच नियमांमध्ये, तेरावा नियम, पुराव्यांच्या यादीत असंही आहे की दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसांचं म्हणणं लिहून घेतलं तर तो पुरावा. बांध, घर, विहीर हे पुरावे. सामूहिक दाव्याला देवाचं झाड, देवराई, मसणवटा, हे सगळे पुरावे. म्हणजे ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना माहीत होतं की या माणसांचा इतिहास कागदावर नाही, माणसांच्या तोंडात आणि दगडात आहे, आणि प्रस्तावनेत त्यांनी सरळ ऐतिहासिक अन्याय असा शब्द वापरलाय. आपल्याच संसदेने स्वतःच्या राज्यकारभाराबद्दल इतकं सरळ लिहिलेला दुसरा कायदा माझ्या तरी बघण्यात नाही. तो दिल्लीतून निघाला आणि तालुक्याला येईपर्यंत परत कागद आण वर आला.

१३ फेब्रुवारी २०१९ला सुप्रीम कोर्टाचा तो आदेश आला होता, ज्यांचे दावे फेटाळलेत त्यांना जंगलातून बाहेर काढा, देशभरातली लाखो कुटुंबं. त्या पंधरवड्यात दुकानात जी माणसं आली त्यांचे चेहरे मी विसरणार नाही. कोणी ओरडत नव्हतं. शांतपणे विचारायचे, भाऊ आमचं नाव यादीत आहे काय. २८ फेब्रुवारीला कोर्टाने स्वतःच त्याला स्थगिती दिली. पण एक विचार करा, अठरा गुंठे मिळाले आणि बाकीचं नामंजूर झालं तर त्या बाकीच्या रानावर बाबा आज परत काय झाले, अतिक्रमणवाले.

हे सगळं वाचून असं वाटेल की काहीच होत नाही, तर तसंही नाही. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा लेखा म्हणून गोंडांचं गाव आहे, मी तिथे दोनदा जाऊन आलोय. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा महाराष्ट्रात बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे पण तिथे गेल्यावर कळतं की खरा जोर सभेत आहे, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसायचं, मतदान नाही. २००९मध्ये त्यांना १८०० हेक्टरच्या वर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. पण हक्काचा कागद मिळूनही बांबू विकता येईना, कारण बांबू हे झाड आहे की गवत यावर अडलं होतं! १९२७च्या कायद्यात बांबू झाडात धरलेला, २००६च्या कायद्यात तो गौण वनउपज, आणि वाहतूक पास द्यायचा अधिकार वनखात्याकडे. शेवटी २७ एप्रिल २०११ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात गेले आणि पासचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. एका पुस्तकासाठी केंद्रातला मंत्री यावा लागला याचं वाईट वाटतं, पण ते पुस्तक ग्रामसभेकडे आलं हेही तितकंच खरं आहे, आणि त्यानंतर गावाने स्वतः बांबू विकला, स्वतः मजुरी ठरवली. तिथल्या एका काकांनी मला विचारलं होतं, तुमच्याकडे किती गावांना मिळालं? मला उत्तर देताना जड गेलं.

आमच्याकडे वैयक्तिक दाव्यांवरच सगळी शक्ती जाते. मला वाटतं ही आमची मोठी चूक झाली, आमची म्हणजे फॉर्म भरणाऱ्यांचीसुद्धा. एकेकाचा तुकडा, एकेकाची पावती, मग ज्याच्याकडे पावती तो पुढे आणि नाही तो मागे, भाऊ-भाऊ वेगळे पडतात. सामूहिक दावा असेल तर वाघोबाचा दगड पुराव्यात घेता येतो, सगळ्या गावाचा म्हणून.

मार्च २०१८चा लाँग मार्च आठवतो का, नाशिकहून मुंबईपर्यंत १८० किलोमीटर, पायाला फोड आलेले फोटो सगळीकडे फिरले होते. त्यात मोठ्या संख्येने आदिवासी होते आणि वनहक्काचे दावे ही त्यातली मुख्य मागणी होती. शेवटच्या रात्री ते न झोपता चालले, कारण सकाळी मुंबईत दहावीच्या पोरांचा पेपर होता आणि ट्रॅफिकमुळे त्यांना त्रास व्हायला नको. आमच्याकडूनही लोक गेले होते, परत आल्यावर एक बाई दुकानात रेशनकार्डाच्या कामाला आली, तिच्या टाचेला अजून पट्टी होती. मी म्हटलं, "ताई, खूप चाललात." ती म्हणाली, "पाण्याला रोज तेवढंच चालतो की." मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही धरणं आमच्या या पट्ट्यात, शहापूर-वाड्या-मोखाड्याकडे, आणि एप्रिल आला की त्याच भागात टँकर सुरू होतात. त्या मुंबईच्या पोरांच्या पेपरासाठी ही बाई रात्रभर चालली.

बाबांचं अपील मी परत तयार करतोय. २०२०ला राज्यपालांनी घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, आदिवासी भागांसाठीचा अधिकार वापरून दाव्यांचा निकाल देणाऱ्या जिल्हा समितीच्या वर विभागीय पातळीवर अपील समित्या आणल्या, त्यामुळे अजून एक दार आहे. या वेळी दोन शेजारच्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतलेत, सही-अंगठ्यासकट, आणि नियमाचा आकडा वर ठळक टाकलाय. रान पडीक का होतं ते एका पानात लिहिलंय, कुठल्या वर्षी नागली, कुठल्या वर्षी वरई, बाबांना चाळीस वर्षांचं तोंडपाठ आहे, मी टाईप करता करता थकलो, ते नाही थकले.

एकच गोष्ट अडलीये. बाबांच्या आजोबाच्या नावाची कोतवाल बुकातली नोंद मिळालीये, १९३०च्या दशकातली, नक्कल माझ्याकडे आहे, पण मोडीत आहे आणि एक ओळ लागत नाही, जमिनीचा किंवा पाड्याचा उल्लेख आहे असं वाटतं. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला मोडी चांगली येत असेल किंवा कोणाच्या घरी येणारं कोणी म्हातारं माणूस असेल तर मला सांगा, मी फोटो पाठवतो. आणि पालघर-ठाण्याकडचे जे वाचत असतील त्यांना विनंती, घरातल्या जुन्या पावत्या लॅमिनेट करू नका, शाई उडते आणि मग शिक्का तपासता येत नाही, आणा, मी स्कॅन करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. अपिलाची मुदत संपायला एकवीस दिवस आहेत.